हद्द बर्लिनची, पक्षकार जगभरचे

जिल्हा कोर्टात दिवाणी वकिली करणाऱ्याला पक्षकाराच्या पहिल्या भेटीतच एक प्रश्न सोडवावा लागतो: दावा लावायचा कुठे? पक्षकाराला हद्दीचा मुद्दा कळत नाही. त्याच्या लेखी कोर्ट म्हणजे कोर्ट. पण हद्द चुकली की दोन-तीन वर्षं तारखा घेऊन झाल्यावर दावा जसाच्या तसा परत हातात पडतो, आणि माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर. या विषयात माझं मन रमतं. म्हणून भाचीने बर्लिनला बोलावलं तेव्हा तिला आधीच सांगून ठेवलं, की ब्रांडेनबुर्ग दरवाजा आणि भिंतीचे तुकडे शनिवार-रविवारी पाहू, आठवड्याचे कामाचे दिवस मला कोर्टांसाठी दे. तिनेही रजा टाकली. जर्मन तिला उत्तम येतं. माझं जर्मन कायद्याच्या पुस्तकांपुरतं.

सोमवार : लिटेनस्ट्रासे

क्लोस्टरस्ट्रासे स्टेशनातून वर आलो आणि डोळ्यांसमोर कोर्टाची भिंतच उभी राहिली. इमारत १८९६ ते १९०४ या काळात बांधली. त्या वेळी तिची लांबी दोनशे मीटरच्या वर होती. पुढे पूर्व जर्मनीच्या काळात, १९६८-६९ मध्ये, शेजारचा रस्ता रुंद करायला तिचा एक मोठा भाग पाडला. तरीही उरलेली इमारत मान वर करून पाहावी लागते.

दारात विमानतळासारखी तपासणी झाली. पट्टा काढा, किल्ल्या ट्रेमध्ये ठेवा. "कोणत्या खटल्यासाठी?" असं विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं, पण कोणी विचारलं नाही. सुनावणी खुली असते, कुणीही येऊन बसावं, आणि तिथला दारावरचा शिपाईसुद्धा हे धरून चालतो.

आत शिरल्यावर मी जिन्यापाशीच थबकलो. दोन्ही बाजूंनी गोल वळत वर जाणारे जिने, बारीक खांब, एकावर एक सज्जे, आणि या सगळ्यावर खूप उंच छत. वकील आपले कागद छातीशी धरून भराभरा चढत होते. भाची फोटो काढणार होती, तिला थांबवलं. आधी परवानगी विचार म्हटलं. तिने विचारलं. जिन्याचा काढा, माणसांचा नको, असं उत्तर मिळालं.

या इमारतीत दोन कोर्टं नांदतात. एक बर्लिन-मिटेचं आम्ट्सगेरिश्ट, दुसरं लांटगेरिश्ट. आम्ट्सगेरिश्ट म्हणजे सगळ्यात खालचं स्थानिक कोर्ट, आपल्या तालुक्याच्या दिवाणी-फौजदारी कोर्टाच्या जागी. त्याच्या वर लांटगेरिश्ट, त्याच्या वर प्रांताचं उच्च न्यायालय, आणि शेवटी कार्ल्सरूहचं सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालय. ही उतरंड जर्मनी एक झाल्यावर आली. १८७७ साली न्यायालयांच्या रचनेचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १८७९ पासून सगळ्या साम्राज्यात एकाच नमुन्याची कोर्टं सुरू झाली. त्याआधी प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी होती. त्या पहिल्या कायद्यात आम्ट्सगेरिश्टाची दिवाणी मर्यादा ३०० मार्क होती. युरो आल्यानंतर कित्येक वर्षं ती ५,००० युरो होती. काही कामांना मात्र रकमेचं बंधनच नाही. राहत्या घराच्या भाड्याचा वाद कितीही मोठा असो, तो स्थानिक कोर्टातच चालतो. घटस्फोट, मुलांचा ताबा, वारसा, जमिनीची नोंदवही ही कामंही तिथलीच. फौजदारीत चार वर्षांपर्यंतची शिक्षा हे कोर्ट देऊ शकतं. आणि एक गोष्ट मला फार आवडली: दिवाणी दाव्यात लांटगेरिश्टात वकील सक्तीचा, इथे नाही. माणूस स्वतः उभा राहू शकतो. लिहिता येत नसेल, कायदा कळत नसेल, तर कोर्टातच एक खोली असते. तिथे जाऊन तोंडी सांगायचं आणि कर्मचारी अर्ज लिहून घेतो.

बर्लिनची मौज अशी की एकाच शहरात अशी कितीतरी आम्ट्सगेरिश्ट आहेत आणि काही कामं एकेका कोर्टाने सबंध शहरासाठी वाटून घेतली आहेत. रस्ता अपघाताच्या नुकसानभरपाईचे दिवाणी दावे मिटेकडे. कंपन्यांची नोंदवही शार्लोटेनबुर्गकडे. फौजदारी सगळी टिअरगार्टेनकडे. आपल्याकडे मोटार अपघात न्यायाधिकरणं आहेत, पण ती जिल्हावार. एका शहरात असं कामाचं वाटप झालं की त्या विषयाचे न्यायाधीश मुरतात, हे मला पटतं.

बाहेर आल्यावर रस्त्याच्या पाटीकडे पाहिलं. लिटेनस्ट्रासे. १९५१ पर्यंत या रस्त्याचं नाव वेगळं होतं. हान्स लिटेन हा बर्लिनचा तरुण वकील. नाझींच्या तुफानी दलाने १९३० साली कामगारांच्या एका नाचाच्या कार्यक्रमावर हल्ला केला होता. त्या खटल्यात जखमींच्या वतीने उभ्या राहिलेल्या लिटेनने ८ मे १९३१ रोजी खुद्द हिटलरला साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात बोलावलं आणि काही तास त्याची उलटतपासणी घेतली. तेव्हा लिटेन सत्तावीस वर्षांचा होता. हिटलर सत्तेवर आल्यावर राइशस्टागला, म्हणजे संसदेच्या इमारतीला, आग लागली त्याच रात्री लिटेनला उचललं. त्यानंतर एका छळछावणीतून दुसरीत. आईने सुटकेसाठी जिवाचं रान केलं. ५ फेब्रुवारी १९३८ रोजी दाखाऊच्या छावणीत त्याने जीव दिला, वय चौतीस. ती उलटतपासणी झाली मोआबिटच्या कोर्टात, तिथे शुक्रवारी जायचं होतं. वकील म्हणून त्या पाटीखाली उभं राहताना छाती भरून आली.

मंगळवार : वेडिंग

भुयारी रेल्वेच्या पांकस्ट्रासे स्टेशनावर उतरून ब्रुननप्लाट्झच्या झाडांतून चालत गेलं की एक राजवाडा दिसतो. उंच उतरतं छप्पर, टोकदार खिडक्या. माइसेन गावच्या आल्ब्रेश्ट्सबुर्ग किल्ल्याचा नमुना समोर ठेवून ही इमारत १९०१ ते १९०६ मध्ये बांधली. आजूबाजूला तेव्हा कामगारांच्या दाट चाळी होत्या. मे १९२९ मध्ये याच वस्तीत आणि शहराच्या नॉयकोल्न भागात पोलिसांच्या गोळीबारात मिळून तिसाहून अधिक माणसं मेली. आजही वस्ती साध्या माणसांचीच आहे, तुर्की भाजीवाले, अरबी मिठाईची दुकानं.

हे कोर्ट मला पाहायचं होतं ते एका खास अधिकारासाठी. जर्मनीत उधारी वसूल करायची एक सोपी वाट आहे. दावा लावायचा नाही, पुरावे जोडायचे नाहीत. एका ठरावीक नमुन्यात लिहायचं: अमक्याकडून, अमक्या व्यवहारापोटी, इतके युरो येणे. त्यावर कोर्ट 'मानबेशाइड' नावाचा आदेश काढतं आणि तो देणेकऱ्याला बजावला जातो. मागणी खरी की खोटी हे कोर्ट या टप्प्यावर तपासतच नाही. सगळं काम यंत्रावर चालतं. देणेकऱ्याला दोन आठवडे मिळतात. त्याने हरकत घेतली, आणि हरकतीला कारण द्यावं लागत नाही, तर प्रकरण नेहमीच्या दाव्यासारखं योग्य हद्दीच्या कोर्टात जातं. तो गप्प बसला तर पुढचा आदेश निघतो आणि त्यावर जप्ती मागता येते. त्यावरही दोन आठवड्यांची मुदत असते. तीही गेली की तो पक्का हुकूमनामा. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला ३७ व्या आदेशाखालचा संक्षिप्त दावा याच्या जवळचा, पण त्यातही समन्स, हजेरी, बचावाची परवानगी असा मोठा फेरा आहे.

एरवी हा अर्ज मागणाऱ्याच्या राहत्या जागेच्या हद्दीतल्या नेमलेल्या कोर्टात जातो. पण मागणारा जर्मनीत राहतच नसेल तर? जर्मन दिवाणी प्रक्रिया कायद्याच्या ६८९ व्या कलमात उत्तर दिलं आहे: अशा वेळी फक्त बर्लिन-वेडिंगचं आम्ट्सगेरिश्ट. म्हणजे नाशिकहून द्राक्षं पाठवणाऱ्याचे किंवा पिंपरीतून सुटे भाग पाठवणाऱ्या कारखानदाराचे पैसे हांबुर्गच्या माणसाने थकवले, तर ही वाट धरायला त्याचं कोर्ट हेच, या वेडिंगच्या झाडांमधलं. मुख्य अट एवढीच की मागणी युरोत हवी आणि आपल्या बाजूचं काम पूर्ण झालेलं हवं. युरोपीय संघाच्या एकसमान वसुली-आदेशाचं जर्मनीतलं कामही याच कोर्टाकडे आहे. माझ्याकडे निर्यातदार पक्षकार येऊन गेले आहेत. जर्मनीत दावा म्हणजे लाखांचा खर्च, असं म्हणत त्यांनी येणं सोडून दिलेलं मी पाहिलं आहे. ही वाट आपल्या निर्यातदारांना माहीत व्हायला हवी, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

मग एका भाड्याच्या प्रकरणाची सुनावणी ऐकली. दालनाबाहेर कागदावर दिवसाचा बोर्ड लावलेला होता. प्रत्येक प्रकरणापुढे स्वतंत्र वेळ. साडेदहाचं प्रकरण साडेदहाला पुकारलं. दालन आपल्या शाळेच्या वर्गाएवढंही नव्हतं. न्यायाधीश बाई चाळिशीच्या, अंगात काळा झगा. टेबलावर हातोडा नाही. जर्मन कोर्टात तो नसतोच. भाडेकरू म्हातारे गृहस्थ, वकील न देता आले होते. घरमालकिणीच्या बाजूने वकील. वाद हिवाळ्यातल्या हीटिंगच्या बिलाचा, सहा-सातशे युरोंचा.

न्यायाधीशांनी आधी तडजोडीचा विषय काढला. तिथे बहुतेक दिवाणी सुनावण्यांची सुरुवात कायद्यानेच तडजोडीच्या बोलणीने करायची असते. त्यांनी प्रकरण इतकं वाचलेलं होतं की दोन्ही बाजूंना आपापल्या कागदांतली उणीव बोट ठेवून दाखवली. मालकिणीच्या हिशेबात मोजणीच्या तारखा जुळत नव्हत्या, भाडेकरूने हरकत उशिरा कळवली होती. मग रक्कम बोलली गेली, थोडी खाली, थोडी वर. जमलं. आणि त्यानंतर जे झालं ते मी मन लावून पाहिलं. न्यायाधीशांनी छोटा ध्वनिमुद्रक तोंडाजवळ धरला आणि तडजोडीचा मजकूर स्वल्पविरामांसकट त्यात बोलून नोंदवला. मग तो सगळ्यांना परत ऐकवला. यंत्रातून त्यांचाच आवाज खोलीत घुमत होता आणि म्हातारबुवा मान पुढे करून एकेक शब्द ऐकत होते. संपल्यावर दोघांना विचारलं, मंजूर? दोघे म्हणाले, मंजूर. 'ऐकवून मंजूर केलं' हेही मुद्रकात बोललं गेलं. झालं, हुकूमनाम्याइतकी ताकद असलेला कागद तयार. लघुलेखकाची वाट पाहत थांबलेल्या किती जबान्या मी आजवर पाहिल्या आहेत.

बाहेर पडताना न्यायाधीश बाईंना नमस्कार करून भाचीमार्फत एकच विचारलं: हे प्रकरण तुमच्याकडेच कसं आलं? त्या थांबल्या आणि म्हणाल्या, योजनेत तसं आहे.

बुधवार : ती योजना आणि शोनेबेर्ग

बुधवारी सकाळी भाचीच्या स्वयंपाकघरात चहा घेत आम्ही ती योजना वाचली. भाची म्हणाली, "मामा, हे तर नुसते तक्ते आहेत." खरोखरच तक्ते होते, पानंच्या पानं. प्रत्येक जर्मन कोर्टात न्यायाधीशांनीच निवडलेलं एक मंडळ वर्ष सुरू होण्याआधी कामाची वाटणी लिहून ठेवतं. कोणत्या प्रकारचं प्रकरण, कुठल्या आद्याक्षराचा पक्षकार किंवा कितवं प्रकरण, कोणत्या न्यायाधीशाकडे. तो आजारी पडला तर कोण, आणि तोही नसला तर कोण, इथपर्यंत. वर्षाच्या मध्ये हे बदलायचं तर कामाचा बोजा किंवा दीर्घ आजार असं कायद्यात सांगितलेलं कारण लागतं. आणि ही योजना कुणालाही पाहता येते.

याच्या मागे जर्मन घटनेचं १०१ वं कलम उभं आहे. कायद्याने ठरलेल्या न्यायाधीशापासून कुणालाही दूर करता येणार नाही आणि एखाद्या प्रकरणापुरतं खास कोर्ट नेमता येणार नाही, असं ते सांगतं. प्रकरण दाखल व्हायच्या आधी त्याचा न्यायाधीश ठरलेला. मुख्य न्यायाधीशाला वाटलं म्हणून अमुक केस तमुककडे, हा प्रकार तिथे बंद. आपल्याकडे रोस्टरचा अधिकार कुणाचा यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद झाले आणि तो अधिकार सरन्यायाधीशांचा म्हणून पक्का झाला. मला जर्मनांची रीत जास्त बरोबर वाटते. न्यायाधीश कितीही सचोटीचा असो, तो माझ्या प्रकरणासाठी कोणी निवडला, ही शंकाच हरणाऱ्याच्या मनात राहू नये. हद्दीचा कायदा कोर्ट ठरवतो आणि ही योजना त्या कोर्टातली खुर्ची ठरवते. माझ्या मते दोन्ही मिळून एकच हमी आहे.

दुपारी शोनेबेर्गला गेलो. ग्रुनेवाल्डस्ट्रासेवरचं हे आम्ट्सगेरिश्ट बाहेरून फारसं लक्ष वेधत नाही. आत लांब बोळ, दारांवर क्रमांक, बाकावर बसलेली माणसं, कुठल्याही कोर्टात असतं तसंच. पण अधिकार पाहिला तर याची हद्द पृथ्वीभर आहे. जर्मन कायद्यात जागोजागी एक शेपटी सापडते: वरीलपैकी कोणतंच कोर्ट लागू नसेल तर बर्लिन-शोनेबेर्गचं आम्ट्सगेरिश्ट. परदेशात राहणाऱ्या जर्मन जोडप्याचा घटस्फोट जर्मन कोर्टात चालवायचा आहे आणि जर्मनीतलं दुसरं कुठलंच कोर्ट बसत नाही? शोनेबेर्ग. दत्तक? शोनेबेर्ग. परदेशातल्या जर्मनाला पालक-व्यवस्थापक नेमायचा आहे? बेपत्ता माणसाला मृत घोषित करायचं आहे? तेच.

वारशाच्या कलमाचा क्रम तर पाठ करून ठेवावा असा आहे. माणूस वारला तेव्हा तो जर्मनीत जिथे राहत होता तिथलं कोर्ट पहिलं. मरताना तो जर्मनीबाहेर राहत असेल तर जर्मनीत शेवटचा जिथे राहिला होता तिथलं. आणि तो जर्मनीत कधी राहिलाच नसेल, पण जर्मन नागरिक असेल किंवा त्याची काही मालमत्ता जर्मनीत असेल, तर शोनेबेर्ग. महत्त्वाचं कारण असलं तर शोनेबेर्गचं कोर्ट ते प्रकरण दुसऱ्या कोर्टाकडे पाठवू शकतं. आता हे आपल्या माणसांना लावून पाहा. पुण्याचा इंजिनिअर स्टुटगार्टला काही वर्षं नोकरी करून परतला आणि त्याचं बँक खातं तिकडेच राहिलं. त्याच्या पश्चात तिथल्या वारस दाखल्यासाठी स्टुटगार्टकडचं कोर्ट. पण ज्याने जर्मनीत पाऊलही ठेवलं नाही आणि तिथल्या खात्यात नुसती गुंतवणूक ठेवली, त्याच्या मुलांना शोनेबेर्गचं दार ठोठवावं लागेल. महाराष्ट्रात आपण अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली वारस दाखला मागतो. त्या दाखल्याने जर्मन बँकेचं समाधान होईलच असं नाही, हे पक्षकाराला सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

कायदा लिहिणाऱ्याने इथे किती लांबचा विचार केला आहे! कोणीतरी कुठेतरी असा निघेल, ज्याला आम्ही नेमलेलं एकही कोर्ट बसणार नाही. त्या अनोळखी माणसासाठी एका उपनगरातलं स्थानिक कोर्ट आधीच नेमून ठेवलं.

कोर्टाशेजारच्या गल्ल्यांत दिव्याच्या खांबांवर पाट्या दिसतात. एका बाजूला साधं चित्र, दुसऱ्या बाजूला एक वाक्य आणि तारीख. बायरिशर प्लाट्झच्या भोवती अशा ऐंशी पाट्या १९९३ साली लावल्या. या भागात ज्यूंची मोठी वस्ती होती. पाट्यांवरचा मजकूर नाझी काळातले कायदे आणि हुकूम यांचा. मांजराच्या चित्रामागे: ज्यूंनी पाळीव प्राणी ठेवू नयेत, १५ फेब्रुवारी १९४२. पावाच्या चित्रामागे: बर्लिनमध्ये ज्यूंनी खाण्याचे जिन्नस दुपारी चार ते पाच याच वेळात घ्यावेत, ४ जुलै १९४०. ज्यूंना अंडी मिळणार नाहीत, २२ जून १९४२. भाची वाचून सांगत होती, पुढे पुढे तिचा आवाज बारीक होत गेला. हे सगळं कायद्याच्या भाषेत, तारीख घालून, रीतसर प्रसिद्ध झालेलं. एप्रिल १९३३ पासून ज्यू न्यायाधीश आणि वकील कोर्टांतून घालवायला सुरुवात झाली होती, त्यामुळे या हुकमांविरुद्ध दाद मागायला जिथे जायचं ती जागाच आधी रिकामी केलेली होती.

गुरुवार : क्लाइस्टपार्क

दिवसभर पाऊस. क्लाइस्टपार्कच्या दारातली अठराव्या शतकातली खांबांची ओळ ओलांडली की मागे कामरगेरिश्टची भव्य इमारत दिसते, बांधकाम १९०९ ते १९१३. हे बर्लिनचं उच्च न्यायालय. १४६८ पासून या नावाची नोंद सापडते. स्थानिक कोर्ट ते नव्हे, पण तिथली अपिलं चढत चढत इथपर्यंत येतात, आणि बुधवारी वाचलेलं १०१ वं कलम का लिहावं लागलं ते या कोर्टाच्या इतिहासात आहे.

पहिली गोष्ट गिरणीवाल्याची. प्रशियात आर्नोल्ड नावाचा एक गिरणीवाला होता. वरच्या बाजूच्या जमीनदाराने माशांचं तळं केलं, गिरणीचं पाणी घटलं, असं त्याचं म्हणणं. खंड थकला, गिरणी गेली. कोर्टांनी निकाल त्याच्याविरुद्ध दिले. तक्रार थेट राजापर्यंत, फ्रेडरिक द ग्रेटपर्यंत पोहोचली. राजाची खात्री झाली की गरिबावर अन्याय झाला. डिसेंबर १७७९ मध्ये त्याने आपल्या मुख्य न्यायमंत्र्याला बडतर्फ केलं आणि न्यायाधीशांना अटक करवली. कामरगेरिश्टाने त्या न्यायाधीशांची चौकशी केली आणि सांगितलं, यांनी काही गैर केलेलं नाही. शिक्षा सुनावायला मंत्री त्सेडलिट्झ याने नकार दिला. तेव्हा राजाने स्वतःच त्यांना किल्ल्यातल्या कैदेची शिक्षा दिली. फ्रेडरिक वारल्यावर, १७८६ नंतर, त्या न्यायाधीशांची बदनामी धुतली गेली. राजाचा हेतू चांगला होता, गरिबाचा कळवळा खरा होता. तरी मी नकार देणाऱ्यांच्या बाजूचा. राजाने एकदा स्वतःच्या मनाने न्याय केला की पुढच्या वेळी तो कुणाच्या बाजूने करील हे कोणी सांगावं?

दुसरी गोष्ट याच इमारतीतली. १९३४ साली नाझींनी राजद्रोहाच्या खटल्यांसाठी खास कोर्ट काढलं, फोल्क्सगेरिश्ट्सहोफ, लोकन्यायालय. पाच जणांच्या पीठात न्यायाधीश दोनच, बाकीचे तिघे पक्ष, सैन्य वगैरेंतून निवडलेले. निकालावर अपील नाही. २० जुलै १९४४ रोजी हिटलरला मारण्याचा कट फसल्यावर पहिले आरोपी ७ ऑगस्टला इथल्या मोठ्या सभागृहात उभे केले. अध्यक्ष रोलांड फ्रायस्लर. आरोपींचे पट्टे काढून घेतले होते, पँट सावरत उभ्या असलेल्या माणसांवर तो ओरडत होता आणि ते चित्रित होत होतं. ८ ऑगस्टला आठही जणांना फाशीची शिक्षा आणि त्याच दिवशी प्लोट्झनझे तुरुंगात अंमल. या कोर्टाने आपल्या आयुष्यात पाच हजारांहून अधिक फाशीच्या शिक्षा दिल्या. फ्रायस्लर ३ फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात मेला. मात्र युद्धानंतर, पश्चिम जर्मनीच्या कोर्टांत त्या पीठांवरच्या एकाही न्यायाधीशाला त्या निकालांबद्दल कायम शिक्षा झाली नाही. १९८५ साली बुंडेस्टागने, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या संसदेने, ठराव करून म्हटलं, ते न्यायालय नव्हतंच, दहशतीचं हत्यार होतं. इतकी वर्षं लागावीत याचा मला संताप येतो.

ऑक्टोबर १९४५ च्या १८ तारखेला त्याच सभागृहात आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणाची पहिली बैठक भरली आणि नाझी पुढाऱ्यांवरचं आरोपपत्र दाखल झालं. खटला पुढे न्यूर्नबर्गला चालला. मग दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाचं मुख्यालय इथेच होतं, आणि १९७१ चा बर्लिनविषयीचा चार सत्तांचा करारही इथेच झाला. १९९७ मध्ये कामरगेरिश्ट आपल्या घरात परत आलं.

शुक्रवार : मोआबिट

टुर्मस्ट्रासेवरचं फौजदारी कोर्ट १९०६ साली पुरं झालं. दर्शनी दालन जवळपास तीस मीटर उंच, मागे तुरुंग जोडलेला. इथे टिअरगार्टेनचं आम्ट्सगेरिश्ट बसतं, आणि २०२४ च्या जानेवारीत लांटगेरिश्टचे दोन भाग झाल्यापासून फौजदारी भाग, म्हणजे लांटगेरिश्ट बर्लिन एक, तोही इथेच. लिटेनने हिटलरला प्रश्न विचारले ते इथे. पूर्व जर्मनीचा प्रमुख एरिश होनेकर याच्यावर नोव्हेंबर १९९२ मध्ये बर्लिनच्या भिंतीवरच्या मृत्यूंबद्दलचा खटला उभा राहिला तोही इथेच. आजारपणामुळे तो दोन महिन्यांत थांबला. त्याचा सुरक्षामंत्री एरिश मील्के याला १९९३ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. तीही कशासाठी, तर १९३१ साली दोन पोलीस अधिकाऱ्यांच्या केलेल्या खुनासाठी, बासष्ट वर्षांनी.

आम्ही बसलो ते अगदी लहान प्रकरणाला. विनातिकीट प्रवास, पुन्हा पुन्हा पकडलेला एक तरुण. अशा प्रकरणांत न्यायाधीश आधी सुनावणीशिवायच लेखी दंडाचा आदेश पाठवतात आणि दोन आठवड्यांत हरकत घेतली तरच खटला उभा राहतो. याने हरकत घेतली होती. त्याला जर्मन येत नव्हतं, म्हणून शेजारी दुभाषी बसलेला, त्याचा खर्च सरकारचा. सरकारी बाजूने लहान गुन्ह्यांसाठीचे वेगळे अभियोक्ते असतात, त्यांतल्या एक बाई. न्यायाधीश एकटेच.

न्यायाधीशांनी सगळ्यात जास्त वेळ एका गोष्टीला दिला: तू महिन्याला कमावतोस किती, खोलीचं भाडं किती, घरी पैसे पाठवतोस का. कारण तिथला दंड दिवसांत मोजतात. गुन्ह्याच्या वजनावर दिवस ठरतात, पाचपासून तीनशे साठपर्यंत, आणि एका दिवसाची रक्कम आरोपीच्या कमाईवरून काढतात, एक युरोपासून तीस हजार युरोपर्यंत. त्याच गुन्ह्याला हमालाला आणि कारखानदाराला सारखेच दिवस, पण खिशाला चटका ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. आपल्या फौजदारी कायद्यात हे यावं असं मला मनापासून वाटतं.

निकालाला सगळे उठून उभे राहिलो. 'जनतेच्या नावाने' असं म्हणून न्यायाधीशांनी वाचलं: तीस दिवस, दिवसाला पंधरा युरो. आधीच्या आदेशात दिवसाची रक्कम याहून जास्त होती. मग बसायला सांगून त्यांनी कारणं साध्या भाषेत समजावली. दुभाषी वाक्यामागून वाक्य सांगत गेला. शेवटी अपिलाची माहिती दिली: आजपासून एक आठवडा, याच कोर्टात अर्ज द्यायचा, लेखी, किंवा कार्यालयात येऊन तोंडी सांगितलं तरी लिहून घेतील.

तरुणाने दुभाष्यामार्फत विचारलं, कार्यालय कुठल्या मजल्यावर? न्यायाधीशांनी मजला आणि खोलीचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात दिला आणि पुढचं प्रकरण पुकारलं.